सहा तास

वडशाच्या लांजेवार चष्मेवाल्यानं काउंटरवर
दोन बाटल्या ठेवल्या. एक हिरव्या बुचाची, एक लाल.
हिरवी साधी, म्हणाला, तळहातावर लेन्स घ्या,
बोटाच्या पेरानं चोळा, दोन्ही बाजू,
धुवा, डबीत ताजं पाणी भरा.
पाणी म्हणजे या बाटलीतलं. बोअरचं नाही, मरतानाही नाही.
लाल म्हणजे पेरॉक्साइड. चोळायचं काम नाही.
जाळीत अडकवायच्या, उभ्या डबीत सोडायच्या,
तळाशी चकती आहे, ती त्याची आग खाते.
फेस येतो, बसतो. पण सहा तास मोजायचे.
त्याआधी डोळ्यात घातल्या
तर माझ्याकडे येऊ नका, थेट ब्रह्मपुरीला डॉक्टरकडे.

सलग सहा? मी विचारलं.
सलग.
मी हसले. त्याला वाटलं, किमतीला हसले.

दिवाळी ते होळी, सलग सहा तास
मी मलाच मिळत नाही.
नाटक अकराला उघडतं, पहाटे पाचला पडदा.
मग कंपनीची गाडी, दोन्हीकडं कापलेल्या धानाच्या बांध्या, धुकं,
कुणाच्या खांद्यावर कुणाचं डोकं,
दुर्योधन मास्तरांचा ऑर्गन माझ्या पायांवर.
खोलीवर यायला आठ.
दीडला पुन्हा हॉर्न.

माझा नंबर उणे साडेसहा.
चष्मा काढला की पहिल्या रांगेतला सरपंच
आणि त्याच्यामागचा लाइटचा खांब, दोघं सारखेच.
पहिली तीन वर्षं मी अंदाजानं प्रेम केलं,
नायकाच्या आवाजाच्या दिशेनं धावायची.
एकदा तबलजीला मिठी मारता मारता राहिले.

आमचा खलनायक हिवराज. त्याच्या लेन्सा हिरव्या, मांजराच्या.
विंगेत तो त्या जिभेवर ठेवतो,
चाटतो, घालतो, तलवार उपसून जातो.
"कायी होत नायी वो बाई, थुका आपलाच आहे."
जानेवारीत त्याचा डावा डोळा पंधरा दिवस पेटलेला.
लोक म्हणाले, काय मेकअप आहे!

मी माझी बोटं पाहिली.
नखांत कुंकवाचा रंग, पांढरं, काजळ,
मंडपातल्या तणशीची बारीक धूळ,
आणि पहाटे पाचला हापशीचं गार पाणी,
ज्यात हात कुणी नीट धूत नाही, फक्त ओले करतं.
या बोटांनी चोळायचं?
लाल द्या, म्हटलं.

पहिल्या दिवशी साडेआठला सोडल्या.
डबी फसफसली, एखाद्या लहानशा रागासारखी,
मग गप्प.
दीडला हॉर्न. म्हणजे पाच तास. एक बाकी.
चष्मा लावून गाडीत बसले,
डबी दोन्ही हातांत उभी धरून.
आडवी करायची नाही, असं लांजेवार म्हणाला होता,
कुरखेड्याच्या पुढचा रस्ता त्याला माहीत नव्हता.

"हातात काय होय वो?" ड्रायव्हर.
मी सांगितलं. तो सगळ्यांना ओरडून म्हणाला,
"हरू बसा रे, बाईचे डोरे शिजून रायले!"
आणि खड्ड्याखड्ड्याला ब्रेक दाबत गेला.
दुर्योधन मास्तरांनी घड्याळ काढून मांडीवर ठेवलं.
हिवराजसुद्धा खिडकीकडं तोंड करून खोकला.
अडीचला मास्तर म्हणाले, झालं.
कुणीतरी टाळी वाजवली.

तेव्हापासून हे असंच चालू आहे.
माझ्या लेन्सा रोज सहा तास झोपतात,
मी त्यांची डबी सांभाळत जागी.

त्या रात्री पटाचं गाव होतं, दिवसभर बैल पळालेले,
मंडप भरून सांडलेला.
तिसऱ्या अंकात मला रडायचं असतं, मोठ्यानं,
नवऱ्याच्या प्रेतावर.
मान वर केली, आणि दुसऱ्या रांगेत, अगदी स्पष्ट,
एक बाई बसल्या बसल्या झोपलेली,
तोंड किंचित उघडं, मांडीवर पोर, पोराच्या हातात अर्धा पापड.

मी रडले.
पण जरा हळू.